साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

ऊर्जेची बचत करणारी आणि हवामानाशी जुळवून घेणारी इमारत शहराने नागरिकांकडून कशी बांधवून घ्यावी, हा प्रश्न हल्ली परिषदांतून आणि शासननिर्णयांतून अशा थाटाने मांडला जातो, की तो गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच जन्मास आला असे कोणासही वाटावे. मुंबईपुरते बोलायचे तर वस्तुस्थिती निराळी आहे. भरदिवसा दिव्यावाचून वावरता येईल आणि भर उन्हाळ्यात वाऱ्याची झुळूक आतपर्यंत पोहोचेल असे घर कायद्याने, भाडेपट्ट्याने आणि प्रसंगी सक्तीने बांधवून घेण्याचा एक मोठा उद्योग या शहराने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करून पाहिला. त्याचे यश दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवर आणि त्याचे अपयश नागपाड्याच्या इतिहासात वाचावयास मिळते. आणि तरीही आजचे धोरण लिहिणाऱ्यांना ते जुने दफ्तर सोडून पाहण्याची गरज क्वचितच भासते.

त्या उद्योगाचे कारण समजण्यासाठी त्यापूर्वीचे घर डोळ्यांसमोर आणावे लागते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या तेजीने मुंबईत पैसा आला, १८६२ नंतर कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, गिरण्या वाढल्या, आणि १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,२१,७६४ भरली. पण कोटाबाहेरच्या मांडवी, भुलेश्वर, कामाठीपुरा या भागांतील जमीन काही वाढली नव्हती. रस्त्याकडे तोंड करून उभा असलेला भूखंड अरुंद आणि आत लांबवर गेलेला. त्यावर चार-पाच माळे चढलेले. दर्शनी खोलीस रस्त्याचा उजेड, मागल्या खोलीस असला तर घरगल्लीचा, आणि मधल्या खोल्यांस काहीच नाही. ही घरगल्ली म्हणजे दोन इमारतींमधली काही फुटांची फट. तिच्यातून मोऱ्यांचे आणि शौचकूपांचे पाणी वाहायचे, भंगी तिच्यातून ये-जा करायचे, आणि तिच्याकडे उघडणारी खिडकी दुर्गंधीपायी भाडेकरू स्वतःच बंद ठेवायचा. मधल्या खोलीत दुपारी बारालाही घासलेटची चिमणी लागे. तिचा धूर, तिचा खर्च आणि तिची उष्णता ही तिन्ही भाडेकरूच्या वाट्यास येत, आणि खोलीचे भाडे मालकाच्या.

नगरपालिकेचा हिशेब या बाबतीत मोठा उद्बोधक होता. १८८८ च्या कायद्याने घरपट्टी ठरे ती घराच्या वार्षिक भाड्यावरून. त्या भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा जाता उरेल ते करयोग्य मूल्य. त्याखेरीज मैलासफाईसाठी हलालखोर कर होताच. आता ज्या खोलीत सूर्य कधीच शिरला नाही तिचेही भाडे येत असल्यामुळे तिचाही कर येई. याउलट मालकाने एखादी खोली मोडून तिथे चौक ठेवला, तर शेजारच्या चार खोल्या उजळत, पण मालकाचे भाडे आणि नगरपालिकेचा वसूल दोन्ही घटत. एका हाताने उपविधी लिहून मोकळी जागा सोडण्यास सांगणारी आणि दुसऱ्या हाताने ती न सोडणाऱ्याकडून अधिक महसूल घेणारी ही व्यवस्था कोणी कपटाने रचली होती असे नव्हे. परंतु इमारतीचा आकार उपदेशाने ठरत नाही, शहर काय मोजते आणि काय माफ करते यावरून ठरतो, हे तिच्यावरून जितके स्पष्ट दिसते तितके पुढच्या कोणत्याही अहवालावरून दिसत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत तापाचे आणि गाठीचे रुग्ण दिसू लागले, तेव्हा हा ब्युबॉनिक प्लेग आहे असे निदान प्रथम केले ते गोव्यातील हडफडे गावी जन्मलेल्या डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. मेट्रो सिनेमाजवळून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची मान त्यांच्या पुतळ्याकडे वळते. ज्यांना या शहराच्या घरांच्या इतिहासात रस असेल त्यांनी तरी ती वळवावी. पुढचे वृत्त परिचित आहे. लोक पळाले, गिरण्या ओस पडल्या, घरोघर तपासण्या झाल्या, त्या तपासण्यांतील अरेरावीने दंगेही झाले. आपल्या विषयाशी संबंध आहे तो घरांना मिळालेल्या वागणुकीचा. भिंतींवर चुना मारण्यात आला, कित्येक ठिकाणी आत ऊन यावे म्हणून छपराची कौले उतरवण्यात आली, आणि जी घरे मनुष्यवस्तीस अयोग्य ठरली त्यांच्या दारावर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरे रंगवण्यात आली. वर्षानुवर्षे ज्या खोलीवर घरपट्टी बिनतक्रार आकारली गेली, ती मनुष्यवस्तीस अयोग्य असल्याचा साक्षात्कार सरकारला व्हावा यासाठी एवढी माणसे मरावी लागली.

या सगळ्यामागचा वैद्यकीय तर्क बराचसा चुकीचा होता. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, आणि १८९८ मध्ये उंदरावरच्या पिसवेचा धागाही शास्त्रज्ञांच्या हाती आला. परंतु प्रशासनाच्या डोक्यातून कुंद हवेची कल्पना जाण्यास वेळ लागला. मला मात्र या चुकीविषयी फारशी खंत वाटत नाही. पिसवेचा बंदोबस्त कोंदट खोली उघडून होणार नव्हता हे खरे. पण त्याच खोल्यांत प्लेगच्या आधी आणि नंतर मुक्काम ठोकून बसलेल्या क्षयाचा संबंध हवेशी आणि उजेडाशी खरोखरीच होता.

१८९८ चा कायदा होऊन त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले. लोकांच्या तोंडी ते ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ असेच राहिले. मंडळाच्या हाती तीन कामे होती: दाट वस्त्या मोडणे, नवे रस्ते काढणे, आणि शहराच्या उत्तरेस नवी जमीन वस्तीयोग्य करणे. त्यांपैकी रस्त्यांच्या कामात एक कल्पकता होती तिचा उल्लेख करावा लागेल. पश्चिमेच्या समुद्रावरून येणारा वारा शहराच्या पोटात पोहोचावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते पूर्वपश्चिम काढण्यात आले. आजचे शामलदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग ते हेच. आज त्या रस्त्यांवरून गाड्यांच्या गर्दीत वाट काढणाऱ्याला ते वाऱ्यासाठी काढले असे सांगितले तर तो थट्टा समजेल. पण एका इमारतीच्या खिडकीस हवा मिळायची तर आधी शहराच्या आराखड्यात हवेस वाट हवी, ही जाण त्यात होती, आणि ती आजच्या बहुतेक हरित प्रमाणपत्रांत आढळत नाही, कारण ती प्रमाणपत्रे कुंपणाच्या भिंतीपाशी थांबतात.

वस्त्या मोडण्याच्या कामाविषयी एवढे चांगले लिहिता येत नाही. नागपाड्याची योजना पहिल्यांपैकी. तिथली घरे पाडली, पण त्या मानाने नवी घरे वेळेवर उभी राहिली नाहीत, आणि उठवलेली माणसे कामाच्या ठिकाणापासून लांब जाणे परवडत नसल्याने लगतच्याच चाळींत दाटीने शिरली. एका आळीचा उजेड दुसऱ्या आळीच्या अंधारातून विकत घेतला गेला. १९१४ मध्ये हिंदुस्थानात आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी या सरसकट पाडापाडीवर सडकून टीका केली. त्यांचे म्हणणे असे, की वस्तीतून रुंद रस्ता चिरत नेण्याऐवजी इथे एक मोडकळीस आलेले घर काढा, तिथे एक चौक मोकळा करा, विहीर आणि झाड राखा, आणि उरलेली वस्ती जिथल्या तिथे राहू द्या. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला पहिलाच. आणि १९१९ मध्ये गेडीस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच शिफारशीने विलायतेस गेले, हे मराठी वाचकास आठवत असेल. गेडीसांच्या सूचनांपैकी फार थोड्या अमलात आल्या, याचे कारण उघड होते: चौक मोकळा करून कोणास कंत्राट मिळत नाही.

विश्वस्त मंडळाच्या दफ्तरातील सर्वांत मोलाची वस्तू मात्र रस्ता नव्हे आणि चाळही नव्हे. ती एक तिरकी रेषा आहे. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिले आणि त्यात साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. नियम लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यातून आलेला, पण समजण्यास इतका सोपा की गवंड्यासही सांगता यावा. खोलीची खिडकी ज्या मोकळ्या जागेवर उघडते तिच्या पलीकडे दुसरी इमारत उभी आहे असे धरा. खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून त्या समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढा. ही रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक कोन करता कामा नये. त्रिकोणमिती ज्यांना नकोशी वाटते त्यांच्यासाठी याचा सरळ अर्थ असा, की समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुप्पट उंचीपर्यंत चालेल, त्याहून उंच नाही. वीस फूट सोडा, चाळीस फूट चढवा. ज्यास साठ फूट चढवायचे त्याने तीस फूट सोडावेत.

या नियमाची थोरवी अशी, की त्यात इमारत कशाने बांधावी, खिडकीस काच कोणती असावी, भिंत किती जाड असावी, यांपैकी एकही गोष्ट सांगितलेली नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या खिडकीतून आकाशाचा किती तुकडा दिसावा, एवढेच त्यात ठरवलेले आहे. तेवढा तुकडा राहिला की दिवसा दिवा नको, दोन्ही बाजूंस तो राहिला की वारा आरपार जातो, आणि पावसाळ्यात झडीने भिजलेली भिंत दोन दिवसांच्या उघडिपीत वाळते. मुंबई १९ अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारचे ऊन खिडकीतून आत येण्याचा प्रश्न कमी आणि आभाळाचा पसरलेला उजेड मिळण्याचा प्रश्न अधिक. लंडनच्या खालून सरकणाऱ्या सूर्यासाठी केलेला नियम या शहराला त्यामुळे उलट अधिक मानवला. घरमालकांनी अर्थातच विरोध केला. जमिनीचा भाव असा, इमारत उथळ ठेवावी लागणार, खोल्या कमी निघणार, भाडी वाढणार, आणि ज्या गरिबाच्या नावाने हे चालले आहे तोच बाहेर फेकला जाणार. हा त्यांचा युक्तिवाद स्वार्थी असला तरी खोटा नव्हता, आणि आजही हरित इमारतीविरुद्ध जे बोलले जाते त्यात याहून नवे असे फारसे काही नसते.

ऑर यांच्यापाशी यावर एक उत्तर होते, आणि ते युक्तिवादाचे नव्हते, मालकीचे होते. दादर, माटुंगा, शीव, गावदेवी इथली जमीन मंडळाने संपादन केलेली. ती विकायची नव्हती, भाडेपट्ट्याने द्यायची होती, कुठे ९९ वर्षांच्या, कुठे ९९९ वर्षांच्या. पट्ट्याच्या दस्तऐवजात इमारतीची उंची, सोडायची जागा, वापर, सगळे लिहिलेले. अट मोडली तर तक्रार नगरपालिकेच्या तपासनिसापुढे नव्हे, जमीनमालकापुढे. उपविधीतून पळवाट काढणारा माणूस पट्ट्याच्या कराराशी फार जपून वागतो. दादर-माटुंग्याच्या आराखड्यात इमारती तीन मजल्यांपर्यंत राखल्या गेल्या, रस्ते रुंद ठेवले, मधे बागा सोडल्या. मंडळातच अभियंता असलेल्या मंचरजी एदलजी जोशी यांनी पारशी समाजातील मध्यम स्थितीच्या कुटुंबांसाठी इथे १०३ भूखंड मिळवले आणि दादर पारशी वसाहत उभी केली. रस्त्यांच्या कडेच्या वृक्षांची निवडही त्यांनी जातीने केली, अशी तिथली आठवण सांगते. एप्रिलात दुपारी टिळक पुलावरून उतरून त्या वसाहतीत शिरणाऱ्यास पहिल्या शंभर पावलांतच अंगावरचा उकाडा उतरल्यासारखा वाटतो. ती काही झाडांचीच करामत नव्हे, इमारतींची उंची, रस्त्याची रुंदी आणि पर्णछाया यांचे प्रमाण तिथे कागदावर बांधून दिलेले आहे.

गावदेवीस याच मंडळाच्या जमिनीवर १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. सहकारी गृहरचनेचा आशियातील आरंभ म्हणून तिचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिचे आणखी एक महत्त्व आहे, ते सहकाराच्या इतिहासात सांगितले जात नाही. चाळीचा मालक वेगळा आणि राहणारा वेगळा असतो, तोवर भिंत जाड करण्याचा खर्च एकाचा आणि उकाडा दुसऱ्याचा, छज्जा बांधण्याचा पैसा एकाचा आणि झडीचे पाणी दुसऱ्याच्या अंथरुणावर. हवेशीर घर बांधून फायदा होतो हे मान्य असले तरी तो कोणास होतो, इथे सगळे घोडे अडते. तालमकींच्या संस्थेत बांधणारा, राहणारा आणि दिव्याचे तेल विकत घेणारा एकच होता. अशा माणसाला खिडकीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, जुन्या चाळींच्या मालकाचा दुरुस्तीतला उरलासुरला रसही संपला, आणि गळकी छपरे, ताडपत्र्या, बंद केलेले सज्जे यांनी त्या इमारतींचे जे झाले ते आपण पाहतोच आहोत. भाडेकरूच्या रक्षणासाठी केलेल्या त्या कायद्याचे समर्थन करता येते. पण मोडक्या खिडकीचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

१९३३ मध्ये विश्वस्त मंडळ महापालिकेत विलीन झाले. तोवर प्रबलित काँक्रीटचा काळ सुरू झाला होता. बॅक बे भरावावर, ओव्हलच्या काठी आणि पुढे मरीन ड्राइव्हवर ज्या इमारती १९३० नंतर उठल्या त्यांची गोलाईदार वळणे आणि रंग पाहून लोक त्यांचे कौतुक करतात, २०१८ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मानही मिळाला. परंतु त्या इमारतींच्या प्रत्येक खिडकीवरून भुवईसारखा पुढे आलेला जो सलग छज्जा आहे, तो शोभेपूर्वी उन्हासाठी आणि पावसासाठी होता. विटेच्या भिंतीतून एवढा लांब छज्जा निराधार काढणे कठीण, काँक्रीटमधून सोपे. खोल गॅलऱ्या, समुद्राकडे तोंड, आरपार वारा, सारख्या उंचीची रांग: भराव सरकारी, भूखंड सरकारी, अटी सरकारी, आणि त्या अटींच्या चौकटीत वास्तुशास्त्रज्ञांनी दाखवलेली हौस. त्याच १९३३ साली कुलाब्यास रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होऊन उघडले. तिकीट काढून तीन तास गारव्यात बसण्याची ती नवलाई पुढे कचेरीत, मग घरात आली, आणि खिडकीवाचून चालेल अशी इमारत प्रथमच कल्पनेत आली. वीज आणि यंत्र मिळाल्यावर साडेत्रेसष्ट अंशांचे काय प्रयोजन, असे कोणी उघड म्हटले नाही. पण नकाशे मात्र तसेच निघू लागले.

स्वातंत्र्यानंतर शहराने इमारत मोजण्याची पट्टीच बदलली. १९६० नंतरच्या विकास आराखड्याने आणि नियमावलीने चटईक्षेत्र निर्देशांक आला. १९९१ च्या नियमावलीत तो मुंबई बेटासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा होता. उंची, अंतर आणि आकाश यांऐवजी आता जमिनीच्या किती पट फरशी, हा मुख्य प्रश्न झाला. या पट्टीत एक चांगल्या हेतूची सूट होती: गॅलरी ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात मोजायची नाही. घरास सावली, वारा, वाळत घालण्यास जागा, असा त्यामागचा विचार. मुंबईकराने त्या विचाराचे काय केले हे सांगण्यास आकडे नकोत. कोणत्याही उपनगरी स्थानकातून बाहेर पडून मान वर करावी. गॅलरी खोलीत घेतली गेली, तिला सरकत्या काचा लागल्या, नियमानेही शुल्क भरून ती बंद करण्यास मुभा दिली, आणि ज्या उघड्या सज्ज्याने मागची भिंत सावलीत ठेवायची तो सज्जाच तापलेल्या काचेची पेटी होऊन बसला.

यापुढची पायरी फ्लॉवरबेडची. खिडकीबाहेर फुलझाडांसाठी पसरट कुंडी काढली तर तीही मोजणीत नव्हती. म्हणून इमारतींच्या नकाशांत एकाएकी पुष्पप्रेम दाटून आले. दोन-दोन फूट रुंदीच्या कुंड्या दिवाणखान्यास, शयनगृहास, स्वयंपाकघरास. खरेदीदारास विक्रीच्या वेळीच सांगितले जाई की ताबा मिळाल्यावर मधली भिंत पाडून घ्या. बहुतेकींत माती कधी पडलीच नाही. अखेर जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलून गॅलऱ्या, फ्लॉवरबेड, कोनाडे सगळेच मोजणीत घेण्यात आले आणि त्याबदल्यात निवासी इमारतींस ३५ टक्के, इतरांस २० टक्के जादा क्षेत्र अधिमूल्य घेऊन देण्यात आले. गैरव्यवहार थांबला हे कबूल केले पाहिजे. त्याबरोबर गॅलरी काढण्याचे कारणही नाहीसे झाले. जी मोजली जाणारच ती उघडी का ठेवावी?

मोकळ्या जागेचेही असेच झाले. १९९१ च्या नियमावलीत बाजूस आणि मागे इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश जागा सोडण्याचा दंडक होता, म्हणजे ऑरच्या अर्ध्यावरून आपण आधीच खाली आलो होतो. त्यातही तूट पडली तर ती अधिमूल्य भरून माफ होण्याची सोय होती. पूर्वी मोकळी जागा न सोडणाऱ्याकडून नगरपालिका घरपट्टीच्या रूपाने नकळत फायदा घेई. आता तो फायदा अंदाजपत्रकातील रीतसर जमेची बाब झाला. आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींस तर आणखी सवलत मिळून दोन इमारतींमधले अंतर तीन मीटरांपर्यंत आले. गोवंडी-मानखुर्दकडील लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड या वसाहती अशा सवलतीच्या. इमारतीची उंची २१ मीटर धरली आणि अंतर ३ मीटर, तर खालच्या मजल्यावरून ओढलेली ती रेषा ८२ अंशांच्या जवळ जाते. म्हणजे जवळजवळ उभीच. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईची आय.आय.टी. यांनी केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण शेजारच्या, मोकळी अंतरे असलेल्या पी.एम.जी.पी. वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक आढळले, आणि त्याचा संबंध उजेड व वारा यांच्या अभावाशी जोडण्यात आला. या खोल्यांत दिवसाही दिवा आणि पंखा चालू असतो. ज्या कुटुंबास विजेचे बिल सर्वांत जड, त्याच्याच वाट्यास सर्वांत अधिक वीज खाणारे घर यावे, ही योजना कोणी मुद्दाम आखू म्हटले तरी आखता येणार नाही.

आता उत्तेजनाच्या नव्या मार्गांकडे वळू. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला, २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी केंद्राची ऊर्जासंहिता आली, २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’. पालिकांनी आपापल्या परीने सवलती काढल्या. पुण्यात सौर बंब, पर्जन्यजल संचय, गांडूळखत यांपैकी एक व्यवस्था असेल तर मालमत्ता करात ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट. पिंपरी-चिंचवडने ‘गृह’ या देशी मानांकनाशी सांगड घालून बांधणाऱ्यास अधिमूल्यात आणि राहणाऱ्यास करात सवलत दिली. या सर्वांत मला घरपट्टीतील सूट अधिक शहाणपणाची वाटते. ती रक्कम लहान असेल, पण जो बंबाचे पाणी अंगावर घेतो त्याच्याच खिशात ती दरवर्षी पडते, आणि गच्चीवरचा बंब बंद पडून गंजू लागला तर ती थांबवता येते. अर्थात त्यासाठी कोणीतरी जिना चढून गच्चीवर गेले पाहिजे, आणि पालिकेच्या नोकरवर्गात जिने चढण्याची आवड कमीच.

राज्य शासनाचा मार्ग दुसरा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक भागांस लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनाच्या पायरीप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र बक्षीस म्हणून ठेवले आहे. बांधकाम व्यावसायिकास हे बक्षीस आवडते, कारण ते विकता येते. पण ते मिळते एकदाच आणि बांधताना, तर विजेचे बिल येते ते पुढची पन्नास वर्षे, दुसऱ्याच कोणाला. आणि ज्या वाढीव मजल्याच्या रूपाने हे बक्षीस उभे राहते तो मजला शेजारच्या, मानांकन न मिळालेल्या जुन्या इमारतीच्या खिडकीसमोर उभा राहतो. त्या खिडकीतून किती आकाश उरले, हे गुणपत्रिकेत कुठे मांडतात हे मला तरी आढळलेले नाही.

मुंबई महापालिकेकडे मात्र एक साधन अद्याप शिल्लक आहे, ज्याची चर्चा हरित इमारतींच्या संदर्भात होत नाही. विश्वस्त मंडळाने दिलेले भाडेपट्टे विलीनीकरणाबरोबर महापालिकेकडे आले, आणि त्यांतील ९९ वर्षांच्या कित्येक पट्ट्यांची मुदत संपली आहे किंवा संपत आली आहे. जमीन अजून शहराची आहे. नव्या करारात कोणती अट घालायची हे ठरवण्याचा अधिकार ऑर यांच्यापाशी जसा होता तसा आजच्या आयुक्तांपाशीही आहे. छज्जा मागता येईल, अंतर मागता येईल, छतावर सौरपटल मागता येईल, झाड राखण्याची हमी मागता येईल. नूतनीकरणाचा विषय निघतो तेव्हा दोन्ही पक्षांत घासाघीस होते ती भुईभाड्याच्या दरावर.